उष्णतेवर चालणारी अतिसूक्ष्म यंत्रे : डीएनए, तापमानाचे नियंत्रण आणि सुरतेचा अनुभव

प्रास्ताविक

सुरत शहराच्या पश्चिमेस, तापी नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी हजीरा वसले आहे. गुजरातमध्ये ‘हजीरा’ म्हणजे कबरीभोवतीचे आवार किंवा मकबरा. अहमदाबादेत ‘राणीनो हजीरो’ आहे, वडोदऱ्यात ‘हजीरा मकबरा’ आहे. सुरतेजवळचे हजीरा मात्र आज कारखान्यांसाठी ओळखले जाते. येथे २००५ पासून द्रवरूप नैसर्गिक वायूचे टर्मिनल आहे. जहाजातून येणारा हा वायू उणे १६२ अंश सेल्सिअस इतक्या थंडीत द्रवरूपात ठेवलेला असतो आणि त्यामुळे मूळ आकारमानाच्या सुमारे सहाशेव्या भागात मावतो. त्याच औद्योगिक पट्ट्यात पोलादाचा अवाढव्य कारखाना आहे. पूर्वी तो एस्सारचा होता, २०१९ च्या अखेरीस आर्सेलर मित्तल निप्पॉन स्टीलकडे गेला. शुद्ध लोखंड १,५३८ अंशांना वितळते. म्हणजे एकाच पट्ट्यात उणे दीडशेच्या खालची थंडी आणि दीड हजार अंशांची धग अशी दोन्ही टोके नांदतात, आणि या दोहोंच्या आधाराने हजारो माणसांची रोजीरोटी चालते.

प्रस्तुत लेखात याच्या अगदी उलट टोकाच्या यंत्रांचा विचार करावयाचा आहे. ही यंत्रे लोखंडाची नाहीत, डीएनएची आहेत. त्यांची लांबी मीटरमध्ये नव्हे, तर नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागात मोजतात. त्यांना लागणारी उष्णताही माफक असते. वीस अंशांपासून पंचाण्णव अंशांपर्यंत त्यांचे सारे विश्व सामावलेले आहे. परंतु त्या मर्यादेत तापमान किती वेगाने चढते आणि किती वेगाने उतरते, यावर त्यांचे चालणे अवलंबून असते.

भाषेच्या अध्यापकाने हा विषय का हाताळावा, असे कोणी विचारील. आमच्या संस्थांमधून विज्ञान शिकणारी मुले घरी उर्दू बोलतात, शेजारी मराठी बोलतात आणि पुस्तक इंग्रजीतून वाचतात. विषय कळला की नाही हे त्यांना स्वतःच्या भाषेत सांगता आल्याखेरीज ठरत नाही. त्याशिवाय आणखी एक कारण आहे आणि ते १९९४ च्या सुरतेत आहे. त्याकडे पुढे वळू.

हरारत आणि हरकत

उर्दूत उष्णतेला ‘हरारत’ म्हणतात आणि हालचालीला ‘हरकत’. दोन्ही शब्द अरबीतून आले, कानाला सख्ख्या भावंडांसारखे वाटतात, पण त्यांची मुळे वेगळी आहेत. मराठीत ‘हरकत’ आली ती अडथळा किंवा आक्षेप होऊन; ‘माझी हरकत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा मूळ अर्थाच्या जवळजवळ उलट बोलत असतो. गवयांनी मात्र तो अर्थ जपला. गायक ‘हरकत’ घेतो म्हणजे सुराला एक चपळ हालचाल देतो. भाषेने वेगळ्या ठेवलेल्या या दोन गोष्टी, हरारत आणि हरकत, भौतिकशास्त्राने एकत्र आणल्या. पदार्थ तापतो म्हणजे त्याचे रेणू अधिक जोराने हलू लागतात, एवढेच.

पण नुसती उष्णता यंत्र चालवीत नाही. १८२४ मध्ये सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने दाखवून दिले की उष्णतेपासून काम मिळवायचे तर एक जागा गरम आणि दुसरी थंड असावी लागते; काम मिळते ते या फरकातून. आगगाडीच्या इंजिनात भट्टी गरम असते व बाहेरची हवा थंड असते. औष्णिक वीजकेंद्राची रचनाही मुळात हीच.

मग हेच इंजिन लहान करीत नेले तर काय होईल? येथे एक मोठी अडचण उभी राहते. पाण्यात उष्णता पसरायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ढोबळ हिशेब असा : पाण्याच्या थरातून एक सेंटीमीटर अंतर उष्णतेने केवळ वहनाने कापायचे तर सुमारे बारा मिनिटे लागतात. एक मिलिमीटरसाठी सात सेकंद पुरतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. आणि शंभर नॅनोमीटरसाठी, म्हणजे एखाद्या विषाणूच्या आकाराएवढ्या अंतरासाठी, सेकंदाच्या कोट्यंशाहून कमी वेळ पुरतो. याचा अर्थ असा की नॅनोयंत्राची एक बाजू गरम आणि दुसरी थंड ठेवणे जवळपास अशक्य आहे. फरक निर्माण होताच तो विरून जातो.

जी गोष्ट एका अर्थी अडचण, तीच दुसऱ्या अर्थी सोय ठरली. जागेतला फरक टिकत नसेल तर काळातला फरक वापरावा, असा विचार पुढे आला. म्हणजे यंत्र ज्या थेंबात आहे तो सगळा थेंब आधी गरम करायचा आणि मग थंड करायचा. थेंब जितका लहान तितके हे चक्र वेगवान. या क्षेत्रातील तापमान-नियंत्रणाचे बहुतेक सारे कौशल्य या एका गोष्टीत आहे.

डीएनएचे ‘वितळणे’

डीएनए आपल्याला माहीत आहे तो आनुवंशिकतेचा वाहक म्हणून. येथे त्याच्याकडे बांधकामाचे साहित्य म्हणून पाहावयाचे आहे. दोन धागे एकमेकांभोवती पिळलेले. पिळाची जाडी सुमारे २ नॅनोमीटर. प्रत्येक धाग्यावर चार प्रकारची अक्षरे – ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन, सायटोसीन. ॲडेनीनची जोडी थायमीनशीच जमते आणि ग्वानीनची सायटोसीनशी. पहिल्या जोडीत दोन हायड्रोजन बंध असतात, दुसरीत तीन. हे बंध एकेकटे दुबळे असतात, कापडाला मारलेल्या कच्च्या टाक्यासारखे. तापमान वाढवले की टाके उसवतात व दोन धागे सुटे होतात. तापमान उतरले की जोडीदार शोधून ते पुन्हा बिलगतात. शास्त्रज्ञ या सुटे होण्याला ‘वितळणे’ म्हणतात. बर्फ वितळण्याशी त्याचे साम्य एवढेच की तेही एका ठरावीक तापमानाच्या आसपास घडते.

हे ठरावीक तापमान आपल्याला निवडता येते आणि महत्त्वाची गोष्ट हीच आहे. ज्यूलियस मार्मर आणि पॉल डोटी यांनी १९६२ मध्ये दाखवले की ग्वानीन-सायटोसीनचे प्रमाण जितके जास्त तितका डीएनए अधिक तापमानाला वितळतो. छोट्या धाग्यांसाठी तर प्रयोगशाळेत एक तोंडी हिशेब चालतो : ॲडेनीन-थायमीनच्या प्रत्येक जोडीमागे २ अंश, ग्वानीन-सायटोसीनच्या प्रत्येक जोडीमागे ४ अंश. चौदा अक्षरांच्या धाग्यात आठ जोड्या पहिल्या प्रकारच्या व सहा दुसऱ्या प्रकारच्या असतील तर १६ अधिक २४, म्हणजे सुमारे ४० अंश. मिठाचे प्रमाण बदलले की हा आकडा थोडा सरकतो, पण अंदाजापुरता तो चांगला आहे. अक्षरांचा क्रम लिहिणे म्हणजेच यंत्र कोणत्या तापमानाला उघडावे हे लिहून ठेवणे. भाषेच्या माणसाला याचे अप्रूप वाटले तर नवल नाही.

सुरत, १९९४

नॅनोयंत्रांकडे जाण्यापूर्वी, तापमानाच्या चढउतारावर चालणाऱ्या डीएनएच्या सर्वांत उपयोगी क्रियेकडे पाहावे लागेल आणि त्यासाठी सुरतेत जावे लागेल.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला होता. त्यानंतर या भागातील लोक भीतीने घरे सोडून बाहेर राहू लागले, घरांत धान्य पडून राहिले आणि उंदीर वाढले, असा तर्क त्या वेळी मांडला गेला. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगच्या संशयाने माणसे दगावू लागली. वेड रोडच्या परिसरातून निघालेली बातमी एका रात्रीत शहरभर झाली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. लाखो लोक शहर सोडून निघाले. त्यात सौराष्ट्रातले हिऱ्यांचे कारागीर होते, ओडिशाचे यंत्रमाग कामगार होते, आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहणारे आपले खानदेशी लोकही होते. ताप्ती मार्गाच्या गाड्या नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे माणसांनी भरून जात होत्या. अनेक देशांनी भारताची विमाने थांबवली. देशभरात या साथीने पन्नासहून अधिक बळी घेतले.

प्लेगला उर्दूत ‘ताऊन’ म्हणतात. ज्या भागात ताऊन पसरला आहे तेथे बाहेरच्यांनी जाऊ नये आणि तेथल्यांनी तेथून पळू नये, ही हदीसमधील शिकवण आपल्या वाचकांना परिचित आहे. हजरत उमर शामच्या सीमेवरून माघारी फिरले तो प्रसंगही परिचित आहे. साथरोगाचे आजचे शास्त्र यापेक्षा वेगळे सांगत नाही. पण या शिकवणीचे पालन करायचे तर समोर आहे तो ताऊनच आहे हे आधी कळले पाहिजे. सुरतेत नेमके तेच कळत नव्हते. हा प्लेग आहे की दुसराच कोणता न्यूमोनिया, यावर वृत्तपत्रांत आणि डॉक्टरांत उघड वाद चालू होता. जंतूचे संवर्धन करून खात्री पटवायला दिवस लागतात, आणि रुग्णाने आधीच गोळ्या घेतल्या असतील तर जंतू वाढतही नाही. जी माणसे पळाली त्यांना केवळ अडाणी म्हणून मोडीत काढणे मला अन्यायाचे वाटते. ज्याच्या हाती खात्रीची माहिती नाही तो आणखी काय करणार? पळणाऱ्यांत डॉक्टरही होते.

वादाचा निकाल डीएनएने दिला, पण उशिरा. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्या साथीतील जंतूंच्या डीएनएचा अभ्यास करून, हा यर्सिनिया पेस्टिस म्हणजे प्लेगचाच जंतू होता, असे दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला, तो २००० साली. अलेक्झांडर यर्सिनने हाँगकाँगमध्ये हा जंतू प्रथम ओळखला होता १८९४ मध्ये, सुरतेच्या साथीच्या बरोबर शंभर वर्षे आधी.

तापमानाचे चक्र

हैदराबादच्या अभ्यासाचा पाया होता पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची पद्धत. अमेरिकेतील सीटस कंपनीत काम करणाऱ्या कॅरी मुलिस यांना ती १९८३ मध्ये सुचली व १९९३ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. या कल्पनेचा एक पूर्वज हरगोविंद खोराना यांच्या प्रयोगशाळेत आहे, याचा उल्लेख क्वचितच होतो. शेल क्लेप्पे, खोराना व सहकारी यांनी १९७१ मध्ये अशा प्रकारच्या प्रती काढण्याचे वर्णन केले होते.

क्रिया सोपी आहे. डीएनए ९५ अंशांपर्यंत तापवला की धागे सुटतात. ५५ अंशांच्या आसपास आणला की आपण घातलेले छोटे धागे, ज्यांना प्रायमर म्हणतात, हव्या त्या जागी चिकटतात. ७२ अंशांना नेले की विकर नवा धागा विणते. एका चक्रात एकाचे दोन होतात, दुसऱ्यात दोनाचे चार, आणि तीस चक्रांत एकाचे १०७ कोटी. सुरुवातीच्या काळात माणूस हातात घड्याळ घेऊन नळ्या एका गरम पाण्याच्या भांड्यातून दुसऱ्यात हलवीत असे. शिवाय ९५ अंशांना विकर मरत असल्याने दर चक्राला नवे घालावे लागे. ही दुसरी अडचण सोडवली एका जिवाणूने. थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी अमेरिकेतील यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतून तो शोधला होता आणि १९६९ मध्ये त्याचे वर्णन केले होते. उकळत्या पाण्याच्या शेजारी राहणाऱ्या या जिवाणूचे विकर ९५ अंशही सोसते.

पहिली अडचण, म्हणजे जलद तापवणे आणि जलद थंड करणे, ही अभियांत्रिकीची होती. तापवणे सोपे, थंड करणे कठीण. चहाची किटली चुलीवरून उतरवणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे. येथे ज्यां पेल्टिए यांनी १८३४ मध्ये नोंदवलेला परिणाम कामी आला. दोन वेगळ्या वाहकांच्या सांध्यातून वीज एका दिशेने सोडली तर सांधा तापतो, उलट दिशेने सोडली तर थंड होतो. एकच पट्टी, नुसती विजेची दिशा बदलायची. पीसीआरच्या बहुतेक यंत्रांत नळ्या ठेवायच्या धातूच्या ठोकळ्याखाली अशी पट्टी असते. तरीही ठोकळा मोठा असेल तर वेळ जातोच. तीस चक्रांना लागणारे दोन-तीन तास बरेचसे ठोकळा तापण्या-निवण्यातच खर्च होतात, डीएनएचे स्वतःचे काम काही सेकंदांचे असते. यूटा विद्यापीठाच्या कार्ल विट्वर यांनी १९९० च्या सुमारास नमुना बारीक काचनळीत भरला, तिच्यावर गरम-थंड हवेचे झोत सोडले आणि तीच तीस चक्रे अर्ध्या तासाच्या आत आणली. वर दिलेला अंतराच्या वर्गाचा हिशेब येथे प्रत्यक्ष उपयोगी पडलेला दिसतो.

आपल्याकडचे उदाहरण गोव्याचे आहे. वेर्णा औद्योगिक वसाहतीत पत्ता असलेल्या मोलबायो डायग्नोस्टिक्स कंपनीचे ‘ट्रूनॅट’ हे यंत्र बॅटरीवर चालते. पीसीआरची सारी चक्रे त्यात एका लहानशा चिपवर होतात, आणि तापवायचा भाग इतका छोटा असल्यानेच बॅटरी पुरते. अहवाल साधारण तासाभरात मिळतो. क्षयरोगाच्या निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या चाचणीला मान्यता दिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने कोविडसाठीही तिला परवानगी दिली, आणि तालुक्याच्या गावी, जेथे मोठी प्रयोगशाळा नव्हती तेथे, ही यंत्रे पोहोचली. १९९४ च्या सुरतेत जे कळायला वर्षे लागली ते २०२० मध्ये ग्रामीण रुग्णालयात दुपारपर्यंत कळू लागले. माणसे २०२० मध्येही पायी घराकडे निघाली, पण त्याची कारणे वेगळी होती. रोग कोणता याबद्दल त्यांना शंका नव्हती.

रेणूंचा चिमटा

पीसीआरमध्ये डीएनए उघडतो व मिटतो, पण तो स्वतः यंत्र नसतो. डीएनएपासून वस्तू घडवाव्यात ही कल्पना नेड्रियन सीमन यांनी १९८२ मध्ये मांडली, एम. सी. एशर या डच चित्रकाराचे एक चित्र आठवल्यावर ती सुचली, असे ते सांगत. दोन धाग्यांऐवजी चार धागे चौकात भेटतील अशी अक्षरे लिहिली तर डीएनएची जाळी विणता येईल, असा तो विचार होता. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील पॉल रॉदमंड यांनी एका विषाणूचा ७,२४९ अक्षरांचा लांब धागा घेतला आणि दोनशेहून अधिक छोट्या धाग्यांच्या टाचण्यांनी त्याला घड्या घालून हवे ते आकार दिले. शंभर नॅनोमीटर रुंदीचा हसरा चेहरा त्यांनी असा बनवला. या पद्धतीला ‘डीएनए ओरिगामी’ म्हणतात. कृती अशी : सर्व धागे एका नळीत घालायचे, ९५ अंशांपर्यंत तापवायचे आणि दोनेक तासांत हळूहळू थंड करायचे. घडी आपोआप पडते. म्युनिकच्या हेंड्रिक डीट्झ यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले की प्रत्येक आकाराचे स्वतःचे एक योग्य तापमान असते आणि नेमके तेवढे राखले तर तासांचे काम मिनिटांत होते.

घडवलेली वस्तू हलवायची कशी, हा पुढचा प्रश्न. बर्नार्ड युर्के व सहकाऱ्यांनी २००० मध्ये डीएनएचा चिमटा तयार केला. त्याचे इंधनही डीएनएच होते. एक धागा टाकला की चिमटा मिटतो. दुसरा टाकला की तो पहिल्याला ओढून नेतो व चिमटा उघडतो. कल्पना देखणी, पण प्रत्येक वेळी दोन धाग्यांचा एक निरुपयोगी जोड मागे उरतो. चुलीतली राख न काढता तीवरच नवी लाकडे रचत जावे तसे हे होते. कचरा साठत जातो, द्रावण पातळ होत जाते आणि चिमटा मंदावतो. शिवाय प्रत्येक हालचालीसाठी कोणीतरी थेंब टाकत बसावे लागते.

तापमानाच्या इंधनात ही राख नाही. जोड सुटण्याचे तापमान आपण लिहून ठेवलेलेच आहे. थेंब त्याच्या वर नेला की यंत्र उघडते, खाली आणला की मिटते, आणि नवे काही घालावे लागत नाही. डीट्झ यांच्या गटाने २०१५ मध्ये अशी ओरिगामीची यंत्रे दाखवली, ज्यांचे भाग अक्षरांच्या जोड्यांनी नव्हे तर कुलूप-किल्लीसारख्या आकारांनी एकमेकांत बसत. तापमान किंवा क्षाराचे प्रमाण किंचित बदलले की ते सुटत व पुन्हा बसत. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ मध्ये डीएनएच्या बिजागरीवर एक बहुवारिक बसवले, जे सुमारे ३२ अंशांच्या वर आकसते. तापले की बिजागरी वाकते.

येथे ‘जलद’ या शब्दाला आणखी एक अर्थ येतो, आणि तो मला सर्वांत रोचक वाटला. गरम डीएनए किती वेगाने थंड केला यावर तो कोणता आकार घेईल हे ठरते. एखाद्या धाग्याची दोन टोके एकमेकांना जुळणारी असतील तर त्याच्यापुढे दोन मार्ग असतात : स्वतःशीच दुमडून केसाच्या आकड्यासारखा वाकणे, किंवा दुसऱ्या धाग्याशी लांब जोड करणे. स्वतःचे टोक जवळ असते, दुसरा धागा दूर असतो. एकदम बर्फात बुडवले तर धागा जवळचे टोक धरतो व तसाच अडकून राहतो. हळू थंड केले तर त्याला सुटून पुन्हा जुळायला सवड मिळते आणि तो अधिक भक्कम अशा लांब जोडात स्थिरावतो. लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा हेच तत्त्व असते. लालभडक पाते पाण्यात बुडवले तर पोलाद कठीण होते. राखेत हळूहळू निवू दिले तर तेच पोलाद मऊ राहते. हजीऱ्याच्या पोलादाचे जे, तेच डीएनएच्या थेंबाचे. म्हणून थंड करण्याचा वेग हातात असला की त्याच यंत्राला दोन वेगळ्या स्थितींत पाठवता येते. नुसते वर-खाली तापवल्याने यंत्र दाराच्या झडपेसारखे उघड-मीट करीत राहते. त्याने एकाच दिशेने पुढे सरकावे असे वाटत असेल तर वेगवेगळी विलय-तापमाने आणि थंड होण्याचे वेगवेगळे वेग यांची सांगड घालावी लागते.

या पद्धतीचे दोष लपवण्यासारखे नाहीत. पहिला असा की थेंब तापला की त्यातली सगळी यंत्रे एकदम तापतात. एकालाच हलवा असे सांगता येत नाही. त्यावर एक उपाय म्हणजे प्रत्येकाला वेगळे विलय-तापमान देणे. दुसरा उपाय मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २००२ मध्ये सुचवला होता. त्यांनी डीएनएला १.४ नॅनोमीटरचा सोन्याचा कण जोडला आणि बाहेरून रेडिओ लहरी सोडून त्या कणाद्वारे धागे उघडल्याचे प्रसिद्ध केले. खर्चाचा दोष याहून मोठा. दहा मायक्रोलिटर पाणी वीस अंशांनी तापवले तर नेहमीच्या प्रयोगात त्यातील सुमारे एक लाखांश उष्णताच डीएनएचे टाके उसवण्यात जाते, बाकी सगळी पाण्यात. मुंगी हलवायला वारूळ तापवण्याचा हा प्रकार आहे. त्यात पुन्हा फार वेळ ९५ अंशांना ठेवलेल्या डीएनएची काही अक्षरे गळू लागतात. त्यामुळे इतर मार्गही चाचपले जात आहेत. फ्रीड्रिख झिमेल यांच्या गटाने २०१८ मध्ये डीएनएचा एक हात विद्युतक्षेत्राने फिरवला. इंधन-धाग्यांवर चालणाऱ्या यंत्रांपेक्षा तो लाखपट वेगवान होता. २०२२ मध्ये डीट्झ यांच्या गटाने प्रत्यावर्ती विद्युतक्षेत्रावर चालणारी डीएनएची फिरकी बनवली. तापमानाचा मार्ग यांच्याशी स्पर्धेत आहे, पण यंत्र घडवताना तापवणे-निववणे कोणालाच चुकलेले नाही.

भारतातील काम आणि शब्दांचा प्रश्न

भारतात या विषयाचा पाया घालणाऱ्यांत यमुना कृष्णन यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात असताना त्यांच्या गटाने २००९ मध्ये जिवंत पेशीत काम करणारे डीएनएचे नॅनोयंत्र सादर केले. ते उष्णतेवर नव्हे, आम्लतेवर उघडते-मिटते. यामागचे कारण उघड आहे. शरीराची पेशी ३७ अंशांना जगते; तिला ९५ अंशांपर्यंत नेऊन यंत्र चालवता येत नाही, पण पेशीच्या आतील कप्प्यांत आम्लता मात्र आपोआपच बदलत असते. त्यांच्याच गटात डीएनएच्या वीस पृष्ठांच्या पोकळ डब्या बनवणारे धीरज भाटिया नंतर आयआयटी गांधीनगरमध्ये प्राध्यापक झाले. म्हणजे हजीऱ्याहून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर, साबरमतीकाठी, हे काम शिकण्याची सोय आहे. आपल्या संस्थांतील रसायनशास्त्राच्या पदवीधरांनी याची नोंद घ्यावी.

परिभाषेचा विचार उर्दूत पूर्वीच झाला होता. उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ मध्ये हैदराबादेत दारुत्तर्जुमा स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक होते, ज्यांचे दीर्घकाळ वास्तव्य औरंगाबादेत होते. वैद्यक आणि अभियांत्रिकीही उर्दूतून शिकवता यावी म्हणून तेथे हजारो शब्द घडवले गेले. मराठीत हे काम विश्वकोशाने आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने केले. दोन्हीकडचे पुष्कळ शब्द आज कोशांत पडून आहेत. ‘विकर’ हा शब्द मी या लेखात वापरला. वर्गात वापरतो तेव्हा मुले ‘म्हणजे एन्झाइम ना?’ असे विचारतात. तसे विचारले तरी चालेल, कारण त्या प्रश्नात दोन्ही शब्द मुलांच्या तोंडी येतात. याउलट ‘वितळणे’, ‘टाका’, ‘बिजागरी’, ‘चिमटा’ हे शब्द त्यांना समजावून द्यावे लागत नाहीत. डीएनएच्या यंत्रांचे वर्णन करताना शास्त्रज्ञांनी इंग्रजीतही असेच सुतार-शिंप्यांचे शब्द उचलले आहेत.

उष्णता आणि पेशी यांचा संबंध पूर्णपणे सुटलेला नाही. ताप आल्यावर शरीर ३९-४० अंशांपर्यंत जाते आणि ४० अंशांना उघडणारा जोड कसा लिहावा हे आपण वर पाहिलेच. औषध भरलेली डबी रोगट भाग किंचित गरम झाल्यावरच उघडावी, या दिशेने प्रयत्न चालू आहेत. माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये तर डीएनएचा तापमापकच तयार केला. वेगवेगळ्या विलय-तापमानांचे केसाच्या आकड्यासारखे धागे त्यात असतात, आणि कोणते उघडले, कोणते मिटलेले राहिले यावरून नॅनोमीटरच्या प्रमाणावरील तापमान वाचता येते.